दत्तोबांचं नारिंग

दत्तोबा काळभोरांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या निबंधांसाठी पुस्तकं काढून दिली. सदाशिव पेठेतल्या त्या ग्रंथालयात कुठला कोश कुठल्या कपाटात आहे आणि त्याच्या कुठल्या पानाला कसर लागली आहे, हे ते डोळे मिटून सांगत. पण स्वतःच्या चार ओळी लिहून कुणापुढे ठेवायच्या म्हटलं की ते मागे सरत. आपण लोणीचे, शेतकऱ्याच्या घरातले. इथे एकेकाच्या घरात तीन पिढ्यांचे शास्त्री. आपण कशाला तोंड उघडा?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या माडीवर शब्दमंडळ भरत असे. एक माणूस, एक शब्द, वीस मिनिटं. खरी गंमत त्यानंतर. वक्त्याला समोरच्या खुर्चीत बसवायचं आणि सभेनं तीन प्रश्न विचारायचे. तिन्ही निभावले तर निबंध मंडळाच्या वार्षिकात छापून येई. एका जरी प्रश्नाला वक्ता निरुत्तर झाला, तर कागदांची घडी करून खिशात. त्या खुर्चीनं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. अकरा वर्षांपूर्वी दत्तोबांनीही नाव दिलं होतं, आणि ऐन दिवशी ताप आल्याचा निरोप धाडून ते घरीच बसले होते. ताप बीप काही नव्हता.

निवृत्तीनंतरही ते ग्रंथालयात येत, कोपऱ्यात बसून वहीत टिपणं काढत. ती वही एकदा टेबलावर राहिली आणि मंडळाच्या चिटणीस सुशीलाबाईंच्या हाती लागली.

"दत्तोबा, हे छापायचं नाही, तर काय रद्दीत घालायचंय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फळ्यावर लिहून टाकलं : वक्ते, द. का. काळभोर. शब्द, नारिंग.

शनिवारी दत्तोबा चपला घालत होते, तेव्हा त्यांची बायको मैनाबाई दारात उभ्या होत्या.

"आज ताप न्हाय ना आला?"

"नाही."

"बघा बरं. त्र्याहत्तर वर्सं झाली. आता पुढच्या खेपेला खरंच येईल."

दत्तोबा हसले नाहीत. त्यांच्या मनात एवढंच होतं, की मरायच्या आधी छापील पानावर एकदा आपलं नाव बघावं. एकदाच.

माडीवर पन्नासेक माणसं होती. पहिल्या रांगेत रंगनाथराव केतकर. शब्दांच्या इतिहासावर त्यांची सात पुस्तकं होती, आणि त्यांतल्या निदान पाचांसाठी दत्तोबांनी कपाटं उपसली होती. दत्तोबांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी मान खाली घातली आणि वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं. "का हे टिपण गुप्त आहे?"

ते थोडं मोठ्यानं वाचू लागले. दक्षिणेकडच्या भाषांत सुवासाला जो शब्द आहे, त्याच्याशी या नावाचं नातं कदाचित असेल. तिथून ते संस्कृतात आलं, नारंग झालं. इराणात नारंगच राहिलं, अरबांकडे नारंज झालं. अरबांनी ते झाडासकट स्पेनपर्यंत नेलं. युरोपात पुढे जाता जाता त्याचा पहिला 'न' कुठेतरी गळून पडला आणि इंग्रजांच्या हाती लागलं ते ऑरेंज. वीस मिनिटांचं वाचन त्यांनी तेरा मिनिटांत संपवलं आणि खुर्चीत बसले.

पहिला प्रश्न एका तरुण मुलीनं विचारला. ती हडपसरला आयटी कंपनीत होती.

"सर, मी ऋतिका. अमरावतीकडची, वरूडची. आमची संत्र्याचीच बाग आहे. पण आमच्याकडे फळाला कुणीच नारिंग म्हणत नाही. नारिंगी म्हणजे फक्त कलर. असं का?"

दत्तोबांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना पाडण्यासाठी नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जुन्या मराठीत नारिंग म्हणजे फळच," ते म्हणाले. "पुढे सैल सालीचं, गोड फळ आलं, ते स्वतःचं नाव घेऊनच आलं. संत्रं. बाजार त्यानं जिंकला. माझा अंदाज असा, की नारिंग ताटातून गेलं, पण रंगावरची त्याची पाटी तशीच राहिली. घरमालक जातो, पण लोक वर्षानुवर्षं त्या घराला त्याच्याच नावानं ओळखतात ना? तसं."

"वा!" कुणीतरी म्हणालं. ते आपल्यालाच उद्देशून होतं, हे दत्तोबांना जरा उशिरा कळलं.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला, मघाशी ओरडलेल्या गृहस्थांचा. "फळ ठाऊक व्हायच्या आधी लोकांना हा रंग दिसत नव्हता की काय?"

"दिसत होता. इंग्रज त्याला पिवळा-तांबडा म्हणून भागवत. आपल्याला तशी अडचण नव्हती." दत्तोबांनी ऋतिकाच्या ओढणीकडे बोट केलं. "ही कुठल्या रंगाची, सांगा बरं."

"केशरी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"छे, शेंदरी!"

"भगवी म्हणा की सरळ."

"अहो, डोळे तपासून घ्या. गाजरी आहे ती."

"ऑनलाइन घेतली तेव्हा रस्ट लिहिलं होतं," ऋतिका म्हणाली आणि सगळी माडी हसली.

"केशर, शेंदूर, गाजर," दत्तोबा म्हणाले. आता त्यांचा आवाज भिंतीपर्यंत पोचत होता. "लोखंडाचा गंजसुद्धा. भगवा सोडला, तर प्रत्येकानं रंग सांगताना एकेक वस्तू दाखवली. नारिंग त्यांतलंच एक, पण जगभर फिरून आलेलं."

हशा ओसरला आणि रंगनाथराव उभे राहिले.

"दत्तोबा, छान रंगवलंत. आता तिसरा प्रश्न. संत्रं हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला, हे शाळकरी पोरही सांगेल. मी ते पुस्तकात लिहून वीस वर्षं झाली. तुमच्या निबंधात त्याचा उल्लेखच नाही. तेव्हा सांगा, संत्रं आलं कुठून?"

सिंत्रा म्हटलं की सुटका होती. उद्या वार्षिकात नाव, रंगनाथरावही खूश. नुसती मान हलवली तरी पुरे होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

सुशीलाबाईंनी जड हातानं नोंदवही पुढे ओढली.

"थांबा, बाई," दत्तोबा म्हणाले. त्या इमारतीत त्यांनी आजवर कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. "माझं उत्तर संपलेलं नाही. रंगनाथराव, पोर्तुगीजांनी गोवा घेतला पंधराशे दहा साली. त्यानंतर वीसेक वर्षांतच उत्तरेतल्या एका लिखाणात संत्र्याशी जुळणारं, संगतरा नावाचं फळ भेटतं. हिंदुस्थानातलं फळ म्हणूनच. एवढ्या थोड्या काळात नाव किनाऱ्यावरून तिथवर जाऊन रुजलं? रुजलं असेलही. आधीच दुसऱ्या वाटेनं आलेलं असेल. तुम्ही खात्रीनं लिहिलंत. तेवढी खात्री देईल असा कागद मी या ग्रंथालयात सहा वर्षं शोधला, मला मिळाला नाही. तुमच्याकडे असेल तर दाखवा. मी आत्ता खुर्चीवरून उठतो."

रंगनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले. "ऐकीव होतं. मी तपासलं नाही." मग चिटणीसांकडे वळून कोरड्या आवाजात म्हणाले, "सुशीलाबाई, नोंद करा. तिसऱ्या प्रश्नाला निरुत्तर. वक्ता नव्हे, प्रश्नकर्ता."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खालच्या वाचनालयातला माणूस "शांतता!" म्हणत जिना चढून वर आला आणि दत्तोबांना खुर्चीत पाहून तोही टाळ्या वाजवायला लागला. सुशीलाबाईंनी निबंध हातातून जवळजवळ ओढून घेतला. हो, न जाणो, म्हातारा पुन्हा संकोचायचा! रंगनाथराव पुढे आले. "काळभोर, ते संगतऱ्याचं पान मला दाखवा," म्हणाले, आणि कपाटापर्यंत दत्तोबांच्या मागून चालत गेले.

लोणीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मैनाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"झालं का वाचून?"

"झालं."

"काय म्हनले लोक?"

दत्तोबांनी चपलाही काढल्या नाहीत. मेथीची जुडी बाजूला सारून ते तिथेच पायरीवर बसले.

"लोकांचं राहू दे, मैना," ते म्हणाले. "मी काय म्हणालो, ते ऐक."