राणीचं कुलूप

"लोक राजाला बघायला येतात गं. तुझा प्रवेश काढला की नाटक कसं पळतं बघ!"

असं म्हणून नवऱ्याने राणीचा शेवटचा प्रवेश कापला होता. दिग्दर्शक तोच, राजाही तोच. मग त्याला विचारतो कोण? आयुष्यभर दासी आणि मावश्या केल्यावर कुठे तिच्या वाट्याला ही राणी आली होती. पोटच्या लेकाचा जीव घेणाऱ्या राजाची पळवाट राणी बंद करते, दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचते, आणि म्हणून राजा मरतो. आता तो उगाचच मरणार होता, आणि राणीला दुसऱ्या अंकातच सुट्टी.

ती काही घरी गेली नाही. पहिला प्रयोग होता. राणीच्याच वेशात, कुलूप-किल्ली मुठीत धरून ती रंगमंचावरच्या मागच्या दाराआड उभी राहिली. नुसता जळफळाट चालला होता तिचा.

शेवटच्या अंकात शत्रू आल्याच्या आरोळ्या उठल्या आणि तिची नजर दाराच्या कडीवर गेली. अगंबाई, दाराला कुलूपच नाही! तालमी झाल्या त्या दोन खुर्च्यांना दार समजून. खरं दार आजच उभं राहिलेलं. प्रवेश कापणाऱ्या शहाण्याला कुलूप कोण घालणार, हे सुचलंच नव्हतं.

राजा धावत आला. "बंद! हेही दार बंद!" ओरडत त्याने दार ओढलं, आणि ते सताड उघडलं.

प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. "पळा की महाराज!" मागून आवाज आला, मग हशा पसरत गेला. उंबरठ्यापलीकडे ती, अलीकडे तो, रंगाखाली पांढराफटक पडलेला. बरी जिरली, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. नुसतं उभं राहिलं असतं तरी तो तोंडावर आपटला असता. पण हसं नाटकाचं होत होतं, आणि त्यात तिची राणीही होती.

तिने पाऊल आत टाकलं. दार लोटलं, कुलूप घातलं. खट्कन आवाज झाला आणि हशा जागच्या जागी थांबला.

"लेकाला विचारून आलेय," ती म्हणाली. "तो म्हणाला, सोडू नकोस."

यावर राजाला वाक्यच नव्हतं; त्यानेच कापलं होतं. तो मटकन खाली बसला. शत्रूचे सैनिक दुसऱ्या बाजूने आत घुसले आणि राजा तिथेच मेला.

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. मेलेला राजा उठून बसला आणि तिच्याकडे न बघता पुटपुटला, "किल्ली दे. पुढच्या प्रयोगाला दार उघडं हवं."

"आधी माझा प्रवेश परत," ती म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.