मशरूमवरचा आळ

सासूबाईंना प्रश्न विचारलेले चालत. फक्त ते दुसऱ्या कुणाला विचारलेले चालत नसत. त्यामुळे स्कॅन विभागातल्या टेक्निशियनने सासऱ्यांकडे बघून "आजोबा, नाव सांगा" म्हटलं, तेव्हा नाव शेजारच्या खुर्चीतून आलं. वयही तिथूनच आलं. पोटात नेमकं कुठे दुखतं, तेसुद्धा सासूबाईंनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. सासरे प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते. लग्न झाल्यापासून ते हेच काम करत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सून समोरच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला दात येत होते, त्यामुळे हाती लागेल ते चावून बघण्याचं त्याचं संशोधन जोरात होतं. सध्या आईच्या अंगठ्याची पाळी होती. बाळाचे वडील दौऱ्यावर होते. घरात आजारपण निघालं की ते न चुकता असायचे तिथेच.

"पोटाचं सीटी स्कॅन आहे, डाय देऊन," टेक्निशियन म्हणाला. "म्हणजे शिरेतून एक औषध सोडतो, त्याने आतलं सगळं उठून दिसतं. त्याआधी थोडी माहिती हवी. दमा आहे?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मधुमेह?"

"ह्यांच्याकडे नाही. माझ्या माहेरी आहे, पण मी तो इकडे आणलेला नाही."

"किडनीचा काही त्रास?"

"कालच रक्त तपासलं. उत्तम आहे म्हणाले."

"कशाची अ‍ॅलर्जी?"

सासूबाई सावरून बसल्या. सुनेने मनातल्या मनात डोळे मिटून घेतले. आता मशरूम येणार.

"मशरूम!" सासूबाई म्हणाल्या.

घरात आल्यावर गॅसची टाकी कुठे असते हे कळण्याआधी सुनेला मशरूमची हकिकत कळली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी सासरे आपल्या थोरल्या भावाकडे जेवायला गेले. थोरल्या जाऊबाईंनी मशरूमची भाजी वाढली. घरी येईस्तोवर सासऱ्यांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला. धावाधाव, डॉक्टर, इंजेक्शन. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. लग्नकार्यात समोरासमोर आल्याच, तर दोन्ही जावा एकमेकींना फक्त दात दाखवत. ही हकिकत घरात तीन प्रकारांत उपलब्ध होती. पाहुण्यांसाठी आटोपशीर, नातेवाइकांसाठी सविस्तर, आणि फारच जवळचं कुणी असेल तर ओठ फुगवून, अभिनयासह.

टेक्निशियनला सविस्तर मिळाली.

"मशरूमचा आणि डायचा काही संबंध नाही," तो शेवटी म्हणाला, "पण लिहून ठेवतो. यापूर्वी कधी डाय घेतलाय?"

"घेतलाय की. किडनीत खडा होता तेव्हा."

"तेव्हा काही त्रास?"

"छे हो! इतके ठणठणीत होते, की दवाखान्यातून परस्पर त्या थोरल्या जावेकडे जेवायला गेले."

टेक्निशियनने कागदावर खूण केली, सासऱ्यांना हाताला धरून उठवलं आणि आत नेलं. दार लागलं.

बाळ अंगठा चावत होतं आणि सुनेला ते जाणवत नव्हतं. ही हकिकत तिने इतक्यांदा ऐकली होती, की मध्येच कुणी झोपेतून उठवलं तरी तिने पुढची ओळ सांगितली असती. पण आजवर ती नेहमी जेवणाच्या पानापासून सुरू झाली होती. पानावर बसण्याआधी सासरे कुठून आले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. कशाला सांगतील? आरोपी ठरलेला असताना बाकीच्यांची चौकशी कोण करतं?

"आई," तिने विचारलं, "बाबांच्या अंगावर उठलं, ते डाय घेतला त्याच दिवशी?"

"मशरूम खाल्लं त्याच दिवशी," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

"पण मग ते डायमुळेही असू शकेल ना?"

"तू तिची बाजू घेऊ नकोस हं. तू नव्हतीस तेव्हा."

"मी कुणाची बाजू घेत नाही. आत्ता आत तेच औषध देणार आहेत."

"अगं, एवढा मोठा दवाखाना आहे, त्यांना कळत नाही का?"

कळत होतं, पण विचारल्यावर जे सांगितलं तेवढंच. या घरात सुनेच्या मताला मान होता. बाळ का रडतंय यावर तिचं मत, सगळ्यांचं बोलून झाल्यावर का होईना, ऐकून घेतलं जाई. आता तिच्या एका शंकेवरून दवाखान्याचं काम थांबवायचं, आणि शंका खोटी निघाली तर? मशरूमबरोबर तिचीही हकिकत घरात चालू झाली असती, तीही तीन प्रकारांत.

पण घरात बाळाला उचलण्याआधी "देतेस का जरा?" असं विचारणारा एकच माणूस होता, आणि तो आत टेबलावर होता.

ती उठली. "धरा जरा," म्हणून तिने बाळ सासूबाईंच्या हातात दिलं. ही तिने आयुष्यात केलेली सर्वात मोठी लबाडी होती, कारण हात रिकामे असते तर सासूबाईंनी तिलाच धरलं असतं.

मशीनच्या खोलीवर लाल दिवा होता. शेजारच्या खोलीचं दार तिने ठोठावलं आणि उत्तराची वाट न बघता उघडलं. जाड काचेपलीकडे सासरे दोन्ही हात डोक्यावर घेऊन पडले होते, पोलिसांना शरण आल्यासारखे. दंडातून निघालेली नळी एका पंपाला जोडलेली होती. पंपात पाण्यासारखं नितळ काहीतरी. नाव डाय, आणि रंगाचा पत्ता नाही.

"ताई, इथे यायचं नाही," टेक्निशियन म्हणाला.

"सोडलं का औषध?"

"आत्ता सोडतोय. साधा फोटो झाला."

"थांबा. मागच्या वेळी डाय घेतला त्याच दिवशी त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. श्वास लागला होता. घरच्यांना वाटलं जेवणातून झालं."

टेक्निशियनचा हात बटणावरून बाजूला झाला. "आणि मला मशरूमवर अख्खं भाषण दिलं?" असं पुटपुटत त्याने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर हातात अर्धं बिस्किट घेऊन आल्या. वयाने सुनेएवढ्याच असतील. सासऱ्यांना उठवून बसवलं तोवर सासूबाई बाळासकट दारात हजर होत्या.

"अहो डॉक्टर, ह्यांना मशरूमची—"

"आजी, एक मिनिट. आजोबांच्या तोंडून ऐकते."

सासरे आधी बायकोकडे बघायला लागले. सवय. मग डॉक्टरांकडे.

"खाज कधी सुटली होती, आजोबा?"

"जिन्यात."

"कुठल्या?"

"वहिनींच्या. वर चढताना मान खाजत होती. वर जाऊन बसलो तेव्हा ओठ जड झाले होते. मग त्यांनी पानं घेतली."

"म्हणजे जेवायच्या आधी?"

"आधीच की."

"अहो!" सासूबाई ओरडल्या, बाळ दचकलं. "आणि हे इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू डॉक्टरांना सांगत होतीस. मध्ये कसं बोलणार?" सासऱ्यांनी जरा विचार केला. "आणि पुढे पुढे तू इतकं छान सांगायला लागलीस, की मलाही मशरूमच वाटायला लागलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. एवढं शिकल्याचा काहीतरी उपयोग असणारच.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "डाय काही विष नाही. बहुतेकांना क्षणभर अंगात गरम वाटतं, तोंडाला धातूसारखी चव येते आणि संपतं. पण एकदा ज्यांना असा त्रास झाला, त्यांना पुन्हा होण्याचा संभव जास्त. कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात. आज देणार नाही. साध्या फोटोत दुखण्याचं कारण कळत नाही, म्हणून टाळताही येणार नाही. आज रात्रीपासून गोळ्या सुरू करू, उद्या दुसऱ्या प्रकारचा डाय वापरू, मी स्वतः शेजारी उभी राहीन. गोळ्यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून झाल्यावर लगेच घरी पळायचं नाही. आणि कुणाकडे जेवायला तर मुळीच नाही."

घरी परतताना गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. इतक्या वर्षांचं वैर हातातून निसटलं की माणसाला रिकामं रिकामं वाटणारच. घराच्या वळणावर त्या म्हणाल्या, "तरी त्या दिवशी भाजीत मीठ जास्तच होतं हं."

सुनेने बाळाच्या तोंडातून गाडीच्या पट्ट्याचं टोक काढून घेतलं.

संध्याकाळी फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. सून बाळाचे कपडे घडी करत दारापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, म्हणजे दाराला टेकून बसली. "हं, मी बोलतेय… नाही, तब्येत बरी आहे… अगं, चूक त्या वेळच्या दवाखान्याचीच. त्यांनी थांबवून नको का घ्यायला?… हो ना… तेच म्हणते मी." एवढ्या मोठ्या माफीत माफीचा शब्द एकदाही आला नाही, पण पलीकडून थोरल्या जाऊबाईंनी फोन ठेवलाही नाही. बोलणं बरंच लांबलं.

दुसऱ्या दिवशी डाय गेला. डॉक्टर सांगितल्याप्रमाणे शेजारी उभ्या राहिल्या. सून काचेबाहेर बाळाला छातीशी धरून उभी होती आणि पंपाकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. ती फक्त सासऱ्यांच्या पायांकडे बघत होती. बोटं हलत होती. नंतर त्यांना बाहेर आणून खुर्चीत बसवलं, दंडातली सुई तशीच ठेवून. बसण्याआधी त्यांनी हळूच पँट चाचपून पाहिली.

"काय झालं, बाबा?" सुनेने विचारलं.

"काही नाही. आत मला वाटलं, झालीच. इतकं गरम लागलं." कोरडी निघाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. "डॉक्टर म्हणाल्या तसं वाटतं कुणाकुणाला."

अर्धा तास थांबायचं होतं. सासूबाईंनी आपली खुर्ची ओढली आणि सासऱ्यांच्या बरोबर समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली. चष्मा पुसून पुन्हा घातला. मान बघितली. हात उलटेपालटे करून बघितले. मग चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"काय बघतेस एवढं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ओठ."

"मग? सुजलेत का?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कधी नाही ते उत्तर सापडेना. त्या आणखी पुढे झुकल्या.

"मला काय कळणार," त्या शेवटी वैतागून म्हणाल्या, "एरवी कसे असतात ते मी कधी बघितलंय?"

"मग आता बघून घे," सासरे म्हणाले, आणि फोटो काढायला बसल्यासारखे अजिबात न हलता बसून राहिले.

सुनेने बाळाला खांद्यावर घेतलं आणि उगाचच खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या दाखवायला लागली.