न लावलेला शेंदूर

कापूरहोळच्या फाट्यावर आनंदरावांचं गॅरेज चाळीस वर्षं चाललं. ट्रक असो, टेम्पो असो, मागच्या चाकांना जोर पोचवणारं डिफरन्शियल कुरकुरायला लागलं की माणसं सारोळ्यापासून तिथं यायची. ते गेले, आणि महिन्याभरात फाट्यावर कुजबूज सुरू झाली, की आनंदरावांनी शेवटचं बसवलेलं काम तुटलं.

काम होतं भोरचे दातांचे डॉक्टर विराज यांच्या गाडीचं. सहाशे हॉर्सपॉवरची परदेशी गाडी, सगळा जोर मागच्या दोन चाकांवर. डॉक्टरांना शर्यतीचा नाद. विंझरच्या पुढं एका खाजगी माळावर सराव करताना तिसऱ्या वेळी गाडी सोडली, मागून कडाड आवाज आला आणि गाडी जागेवर बसली.

"आनंदरावाचा हात शेवटी थरथरत आसंल," शेजारच्या गॅरेजचा चिमाजी चहाच्या टपरीवर म्हणाला.

हे राजनंदिनीनं ऐकलं. आनंदरावांची ही एकुलती लेक बारा वर्षं पुण्यात गिअरच्या कारखान्यात दात्यांची ड्रॉइंग करत होती. गॅरेजचं शटर कायमचं ओढायला दोन दिवसांच्या रजेवर आली होती. ती टपरीमागं गेली, कारखान्याला फोन लावला आणि रजा पंधरा दिवसांची करून घेतली.

गॅरेजातले जुने मिस्त्री गेनूकाकांनी डॉक्टरांच्या गाडीचं डिफरन्शियल उतरवून फळीवर ठेवलं. आतलं मोठं चाक म्हणजे क्राऊन, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. क्राऊनचे चार दाते गेले होते.

"डॉक्टर, तुमचं गिऱ्हाईक हाय," गेनूकाका म्हणाले.

"काका, मी भूल दिल्याशिवाय हात लावत नाही. तुम्हीच बघा."

राजनंदिनी हसली नाही. तिनं तुटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. चारही दाते बाहेरच्या टोकाला तुटले होते. म्हणजे पिनियन मध्यावर टेकतच नव्हतं. अण्णांच्या, तिच्या वडिलांच्या, हातून हे होणं शक्य नव्हतं. त्यांची रीत तिला लहानपणापासून पाठ होती. तेलात कालवलेला शेंदूर दात्यांना लावायचा, चाक फिरवायचं आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं. मध्यावर नसेल तर पिनियनखालची पातळ पत्री बदलायची आणि पुन्हा लावायचा. या खटपटीत दिवस गेला तरी अण्णा उठत नसत. त्यांच्या प्रत्येक कामाच्या सांदीकोपऱ्यात थोडा शेंदूर उरायचाच.

तिनं पांढरा कपडा सगळ्या सांध्यांतून फिरवला. तो नुसता काळा झाला.

"गेनूकाका, याला शेंदूर लागलेलाच नाही."

सव्वीस वर्षं तिथं काम केलेला तो माणूस हळूच जॅकवर बसला.

"अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिशी म्या बसिवलं. डॉक्टरांना तारीख दिली हुती त्यांनी. त्यांचा शब्द मोडायचा न्हवता."

"मग शेंदूर?"

"सुतकात शेंदूर कसा लावायचा, नंदाताई? मारुतीला लावतो आपन त्यो."

"तुम्हाला कुठलं आलं सुतक? तुम्ही ना आमच्या भावकीतले, ना सोयरे."

"सव्वीस वर्सं त्यांच्या डब्यातली भाकर खाल्ली. मला न्हाई तर कुणाला?"

रागानं ती बाहेर गेली, नळावर पाणी प्यायली. सुतकाचे तेरा दिवस तिनंही पुस्तक उघडलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती तरी. परत आली तेव्हा तिच्या हातात कागद आणि पेन्सिल होती.

"नुसत्या पत्रीनं भागणार नाही," ती म्हणाली. "एवढ्या जोराला आतले बेअरिंग धरणारे कप फाकतात. अण्णा वाळूच्या ट्रकांना काय करायचे?"

"जाड झाकान. त्याला दोन बोल्ट, आतल्या कपांना दाबून धरणारे." गेनूकाका उठून उभे राहिले. "व्हय की. हिलाबी तसंच करायचं."

नवे क्राऊन-पिनियन पुण्याहून आले. झाकण सारोळ्याच्या लेथवर तयार झालं, बोटभर जाडीचं. मग शेंदराचा डबा निघाला. गेनूकाकांनी आधी हात धुतले, डब्याला नमस्कार केला आणि ब्रश बुडवला. मागच्या चाकांना ब्रेक जरासा आवळून डॉक्टर बसले, म्हणजे दात्यांवर खरा जोर येईल, आणि राजनंदिनी लांब पाइप लावून पिनियन फिरवू लागली. पहिल्यांदा खूण बाहेर आली. दुसऱ्यांदा फारच आत गेली. तिचे तळहात सोलले. अकराव्या वेळी शेंदूर बरोबर मध्यावर पुसला गेला, एकेका दात्यावर तांदळाच्या दाण्याएवढा.

"अण्णा बारा वेळा करायचे," गेनूकाका म्हणाले.

"मग बाराव्यांदा बघू."

बाराव्यांदाही खूण तिथंच होती.

रविवारी माळावर फाट्यावरचे सगळे जमले. चिमाजी सगळ्यांच्या पुढं. पुन्हा तुटलं असतं, तर अण्णांचं नाव चिमाजीच्या त्या एका वाक्यात मिटलं असतं; हे तिच्याइतकंच गेनूकाकांना कळत होतं. गाडी सुटली, मागची चाकं जमिनीत रुतून उसळली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी राजनंदिनीनं डोळे मिटले. आवाज आला तो फक्त इंजिनाचा. डॉक्टर दहा वेळा सुटले आणि दहावी वेळ सगळ्यांत जलद होती.

"आता आत बघा. भुगा झाला आसंल," चिमाजी म्हणाला.

"बघू या," ती म्हणाली.

तिथंच गाडी उचलली, तेल काढलं, झाकण उतरवलं. दात्यांवरचा शेंदूर तेलात कधीच धुऊन गेला होता. पण तो जिथं पुसला होता नेमकी तिथंच, दात्यादात्याच्या मध्यावर, एकेक चकचकीत ठिपका उमटला होता. एकही दाता दुखावला नव्हता. चिमाजीनं हातातली बॅटरी लावून क्राऊन पूर्ण फिरवून पाहिलं.

"ही बसवनूक आनंदरावाची," तो शेवटी म्हणाला. "मग तवा कसं काय तुटलं?"

राजनंदिनी झाकण पुसू लागली. गेनूकाकांनी टोपी काढली.

"तवा म्या बसिवलं हुतं, शेंदूर न लावता. चूक माजी हुती. अण्णांचा हात त्याला लागलाच न्हवता. समद्यांनी ऐका."

चिमाजीनं बॅटरी बंद केली आणि पहिल्यांदा तिच्याकडं वळून विचारलं, "ताई, माज्याकडं एक टेम्पो चार दिस पडलाय. मागचं आवाज करतंय. उद्या आनू का?"

उद्या रजा संपत होती, शटर कायमचं ओढायचं होतं.

"आणा," ती म्हणाली. "सकाळी लवकर आणा. बारा वेळा बघायला दिवस जातो."