दुपारचं पाणी कुठे गेलं?

मित्रांनो, क्षणभर डोळ्यांसमोर आणा. सोलापूरकडचा कोरडा माळ, एक विहीर आणि तिच्या काठावर बुटक्या पत्र्याखाली काळं, तेलकट काहीतरी बसलेलं. तेच मी. मी एक जुनं डिझेल इंजिन आहे.

मेंढपाळ बिरुदेवांनी मला सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून टेम्पोत घालून आणलं, तेव्हा त्यांच्या आईने, केराबाईंनी, मला हळदकुंकू लावलं होतं. बारा वर्षं मी मेंढरांना पाणी पाजलं. बिरुदेवांची लेक पूनम मात्र वर बघत विचारायची, "आण्णा, याचा धूर जातो कुटं?"

उत्तर तिला पुढे शाळेत मिळालं. धुरातला एक न दिसणारा वायू कुठेच जात नाही; हवेत राहून पृथ्वीला तापवतो. असा वायू आपण जेवढा सोडू, तेवढाच झाडांना आणि मातीला परत शोषता आला पाहिजे. यालाच नेट झिरो म्हणतात.

गेल्या वर्षी सूर्यावर चालणारा पंप आला. आठ निळ्या काचा. ना धूर, ना आवाज. याला पाणी ओढता येतं तरी कसं, याचं मला नवल वाटे.

या उन्हाळ्यात मात्र हौद भरेना. कोकरं तहानलेली राहू लागली. मेकॅनिक सकाळी येऊन गेला. सगळं ठीक होतं.

"सोमवारी इंजिन चालू करतो," बिरुदेव म्हणाले. "कोकरं तरी जगतील."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पूनम रोज संध्याकाळी हौदातलं पाणी काठीने मोजायची आणि माझ्या अंगावर कोळशाने तेवढी रेघ ओढायची. शनिवारी केराबाई लग्नाला गेल्या. त्या दिवशीची रेघ दुप्पट उंच आली. पूनम बघतच राहिली.

रविवारी दुपारी केराबाई एका काचेवर धोतर अंथरून कुरडया घालत होत्या.

"आज्जे, हितं?"

"मग कुटं? ऊन लई लागतं, शेरडं चढत न्हाईत. संध्याकाळी उचलतेच की."

"काचेला ऊन नको व्हय?"

"एकच तर झाकलीया. सात उघड्या हायत."

पूनमने कुरडया धोतरासकट उचलल्या. पाइपातली धार बघता बघता जाड झाली. आठही काचा एका माळेत जोडलेल्या; एकीवर सावली पडली की सगळ्याच मंदावतात.

केराबाई धारेकडे बघत राहिल्या. "आगं बया. कोकरांचं पाणी मीच कुरडयांना घातलं की."

मित्रांनो, नवी वस्तू आली की तिला काय लागतं, ते आधी समजून घ्या. आणि आम्हा म्हाताऱ्यांना विसरू नका.

पूनम विसरली नाही. तिने माझ्यावरच्या बुटक्या पत्र्यावर ते कुरडयांचं धोतर पसरलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि शेरडं हाकायला काठी घेऊन मला टेकून बसली.