सन्माननीय सदस्य अनुपस्थित

२००५ च्या पावसाळ्यात कागलकडचा ओढा चढला आणि दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला नागाप्पा साकवासकट वाहून गेला. त्याला माती दिली त्या दिवशी आमदार बाळासो घरी आले. नागाप्पाची बायको शांतव्वा हिच्यासमोर हात जोडून म्हणाले, "वहिनी, पुलाचा प्रश्न विधानसभेत मांडतो. सोडत न्हाय."

चार वर्षं झाली, पूल झाला नाही. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला असलेल्या तिच्या लेकीनं, सौंदर्यानं, आईला नेट कॅफेत नेलं आणि ऑर्कुटवरचं आमदारांचं पान दाखवलं. वर नागाप्पाचा फोटो. खाली लिहिलेलं, 'या शेतकरी बांधवासाठी सभागृहात तासभर भांडलो.' त्याखाली पोरांनी 'वाघ, वाघ' म्हणून रांग लावलेली.

"खरंच भांडला असंल काय गं?"

"अव्वा, तिथं बोललेलं सगळं लिहून ठेवत्यात. मागवूया की."

माहितीच्या अधिकारात अर्ज गेला. दीड महिन्यानं शिक्क्याचा कागद आला. पुलाचा प्रश्न पुकारला होता. पुढं एवढंच: 'प्रश्नकर्ते सन्माननीय सदस्य अनुपस्थित.' शांतव्वानं ती ओळ तीनदा वाचली. ओढ्याचाही तिला एवढा राग आला नव्हता.

प्रचारसभेत आमदारांनी साडी द्यायला तिला व्यासपीठावर बोलावलं. तिनं साडी घेतली नाही, माईक घेतला.

"माझ्या माणसासाठी तिथं भांडलासा म्हणं. ह्यो तिथलाच कागद हाय. वाचा."

बाळासो हसले. "नंतर बघू, वहिनी."

"आत्ताच! कॉम्प्युटरवर लिवाय येतंय, आन् वाचाय येत न्हाय व्हय?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "वाचा की ओ!" मग सगळं मैदानच ओरडायला लागलं. आमदारांनी वाचलं. 'अनुपस्थित'वर जीभ दोनदा अडखळली. सौंदर्यानं मोबाईलवर सगळं टिपलं आणि संध्याकाळी ऑर्कुटवर स्वतःच्या पानावर नेऊन टाकलं. बघता बघता ते तालुकाभर झालं.

बाळासो नऊशे मतांनी पडले. आठवड्यानं एकटेच दारात आले.

"वहिनी, पोरीला ऑर्कुटवरचं तेवढं काढाय सांगा. नातवंडं हसत्यात."

शांतव्वानं त्यांना पाणी दिलं. पिऊन होईपर्यंत थांबली.

"ऱ्हाऊ दे की. तिथं दिसला न्हाईसा, हितं तरी दिसा."

ते मान खाली घालून चपला शोधायला लागले. तिला बरं वाटलं. थोडंसंच.