दोन हात सांदवाडी

लाखनीच्या कमलेशचा धानाचा व्यापार होता. दोन वर्षांमागं तो बायकोपोरांना घेऊन कोकणात गेला, समुद्राच्या काठी एका तंबूत चार दिवस राहिला आणि परत आला तो डोक्यात तंबूच घेऊन. तंबूत पलंग, पलंगावर पांढरीशुभ्र गादी, मागं न्हाणीघर आणि समोर पाणी. एवढ्यासाठी लोक कुठून कुठून येतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे समुद्र नाही, पण पाण्याला काय तोटा, असं त्याचं म्हणणं. अड्याळहून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला, जिथं धरणाचं पाणी चढत येऊन थांबलं आहे, तिथं त्यानं उंचवट्याची जागा घेतली आणि सहा तंबू ठोकले. बोर्डावर 'ग्लॅम्पिंग' असं लिहून घेतलं. आजूबाजूच्या गावांत मात्र त्या जागेचं नाव 'तंबू' असंच पडलं.

स्वयंपाकाला त्यानं गोदावरीबाईंना ठेवलं. साठी ओलांडलेली बाई, हाताला चव. तांदळाची भाकर, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, नदीतले झिंगे. नागपूरहून आलेले लोक बोटं चाटत. बाई तिथून दोन किलोमीटरवरच्या पुनर्वसनात राहायच्या. धरणात गेलेल्या गावांची वसाहत ती; तिला नाव दुसरं होतं, पण सगळे पुनर्वसनच म्हणत. बाईंचं गाव मोहटोली. ते तंबूंच्या समोरच पाण्याखाली होतं. कामावर ठेवताना कमलेशनं विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतही नव्हतं. पाणी रोज दिसायचं, दिसून दिसून ते नुसतं पाणी झालं होतं.

मग एका संध्याकाळी चहा पिता पिता एका पाहुणीनं विचारलं, "इथं आधी काय होतं हो?"

"गाव होतं," बाई म्हणाल्या. "तो बगळा बसला ना, त्याच्या उजव्या अंगाले माहं घर."

पाहुणी कप खाली ठेवून बघतच राहिली. कमलेशनं ते ऐकलं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज चार वाजता पाहुण्यांना बोटीतून फिरवून आणायचं ठरलं. बोट मनिष वल्हवणार. मनिष ढिवराचा पोरगा, दोन लेकरांचा बाप, या पाण्यावर मासे धरतच मोठा झालेला. आणि बाईंनी बोटीत बसून गाव दाखवायचं.

पहिले काही दिवस बाईंनी होतं तसं सांगितलं. इथं शाळा, दोन खोल्यांची. इथं देवीचं ठाणं. इथून रस्ता नदीला जायचा. पाहुणे ऐकत, पण पाच मिनिटांत त्यांचे डोळे मोबाइलकडे वळत. कमलेश म्हणाला, "मावशी, एखादं भूतबित घाला ना मधात."

"भूत नव्हते जी तठी," बाई म्हणाल्या. "मच्छर होते."

भूत त्यांनी घातलं नाही. पण एक दिवस बोलता बोलता शेजाऱ्याची गोष्ट निघाली आणि बोटीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. गोष्ट अशी, की त्यांच्या घरामागच्या सांदवाडीला, म्हणजे भाजीपाला लावायच्या परसाला, लागून मारोतरावाची सांदवाडी होती. मधे काट्याकुट्याचं कुंपण. त्या मारोतरावानं एकदा गुपचूप कुंपण उपटून दोन हात अलीकडे रोवलं, आणि वर पुन्हा बाईंच्याच नवऱ्याला, इश्वरला, चोर म्हणाला. त्यावरून वीस वर्षं दोन घरांचं बोलणं बंद. गावात लग्न असलं तर एक घर सकाळी जेवायचं, दुसरं संध्याकाळी. गाव उठलं त्या दिवशीसुद्धा दोन ट्रॅक्टर पुढंमागं निघाले, पण कोणी कोणाकडे मान वळवली नाही.

ही गोष्ट लोकांना आवडली. मग ती रोज होऊ लागली आणि रोज थोडी वाढू लागली. मारोतरावाला मिशा आल्या. त्याच्या हातात कुऱ्हाड आली. बाईंचं तीन खणांचं घर पाच खणांचं झालं. बाई खोटं बोलत होत्या असं म्हणता येणार नाही. सांगता सांगता त्यांनाही ते तसंच दिसू लागलं होतं.

जानेवारीत खुशबू नावाची एक मुलगी नागपूरहून आली. कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी, चटपटीत. सोबत तिचे आजोबा. डोक्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. म्हातारा कोणाशी बोलला नाही. दुपारी तंबूसमोर खुर्ची टाकून पाण्याकडे तोंड करून बसला आणि चार वाजता नातीचा हात धरून बोटीत चढला. बोटीत आणखी एक जोडपं होतं.

मनिषनं बोट मधे आणून थांबवली. बाईंनी शाळा दाखवली, ठाणं दाखवलं, मग घरावर आल्या. मिशा, कुऱ्हाड, दोन हात, सगळं सांगितलं. जोडपं हसलं. बाईसुद्धा हसल्या.

"मिशा कधी होत्या मले, वहिनी?" म्हातारा म्हणाला.

बाईंचं हसू तोंडावरच राहिलं. आवाज ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मारोतभाऊजी?"

"मीच. आन् कुंपण म्या नाई सरकवलं. इश्वरनं सरकवलं."

"माहा मालक असं करणारा नव्हता."

"मंग मी होतो?"

म्हाताऱ्यानं काठी पाण्यात खुपसली, जणू तळ लागेल. "पंचाईनं सांगतलं होतं, विहिरीच्या दगडी कड्यापासून नऊ हात. नऊ हातावर कुंपण होतं. मी सासुरवाडीले गेलो, आठ दिवसांनी येऊन पाहतो त सातावर."

"तुमी विहिरीले ओटा बांधला ना जी. कडं त्याच्याखाली गेलं. मंग माप कोठून धरता?"

"ओटा माया विहिरीले माया जागेत बांधला."

जोडप्यातला माणूस हळूच मोबाइल वर करू लागला, तेव्हा खुशबू म्हणाली, "प्लीज, नको." त्यानं तो खाली ठेवला. मनिषनं कोणाला न विचारता बोट वळवली.

संध्याकाळी बाईंनी स्वयंपाक केला नेहमीसारखा. म्हाताऱ्याला दात नाहीत हे त्यांनी बोटीतच पाहिलं होतं. त्याच्यासाठी भात जरा मऊ ठेवला, वरण पातळ केलं आणि ताट मनिषच्या हाती पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत.

सकाळी म्हातारा काठी टेकत स्वयंपाकघरापाशी आला. बाईंनी पाट सरकवला. त्यानं चहा बशीत ओतून घेतला.

"इश्वर कोठी हाय आता?"

"सहा वर्षं झाले जाऊन."

त्यानं बशी खाली ठेवली. "मले कोणी सांगतलं नाई."

"कोणापाशी तुमचा नंबर होता?"

ते खरंच होतं. गाव उठलं तेव्हा लोक तीन वसाहतींत वाटले गेले. मारोतरावाच्या पोरानं नागपूरला घर घेतलं आणि बापाला घेऊन गेला. मोहटोलीच्या माणसानं नागपुरात कोणाला विचारावं? म्हाताऱ्यानं चहा संपवला. जाताना म्हणाला, "उनाळ्यात पाणी उतरते म्हणतात."

"उतरते. मे महिन्यात आपले घरं उघडे पडतात."

"मंग मले फोन करा. मोजून पाहू."

खुशबूनं बाईंच्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला.

त्या दिवसापासून बोटीत बाई शाळा आणि ठाणं दाखवून थांबू लागल्या. शेजाऱ्याचं नाव नाही. कमलेश दोनदा बोलला, की लोक ती गोष्ट विचारतात, कोणीतरी तिच्याबद्दल नेटवर लिहिलंसुद्धा आहे. बाई म्हणाल्या, "मोजणं व्हायचं हाय अजून." कमलेशला काही कळलं नाही. पण झिंग्यांसाठी लोक येतच होते, म्हणून त्यानं फार ताणलं नाही.

एप्रिलात उन्हं चढली, तंबू उतरवून गोदामात गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी एवढं मागं हटलं, की देवीच्या ठाण्याचा चौथरा कोरडा पडला. बाईंनी शेजारच्या शालूकडून खुशबूला फोन लावून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच खुशबूची गाडी पुनर्वसनात आली. ऊन तापायच्या आत जाऊन यायचं होतं.

तिघं चालत निघाले. वरची माती तडकून तिच्या खापऱ्या झाल्या होत्या, खाली मात्र चिखल मऊ होता. शिंपले पायाखाली कुरकुरत होते. भिंती कुठंच उभ्या नव्हत्या. गाव सोडताना लोकांनी विटा, छपराचे कवेलू, दारं, जे निघेल ते काढून नेलं होतं. पण घरांचे पाये दिसत होते. बाई न अडखळता गल्लीतून चालल्यासारख्या चालत गेल्या आणि एका चौकोनापाशी थांबल्या.

"हे माहं."

खुशबू म्हणाली, "आजी, तुम्ही तर पाच खण म्हणाला होतात."

बाईंनी घराच्या पायाकडे पाहिलं. "तीनच होते," त्या म्हणाल्या.

मागं मारोतरावाची विहीर होती, गाळानं काठोकाठ भरलेली. तिचा विटांचा ओटा त्यानंच जाताना काढून नेला होता, आणि त्यामुळं ज्यावरून एवढं रामायण झालं ते जुनं दगडी कडं उघडं पडलं होतं. पुढं चिखलातून येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लाकडाच्या खुंट्या डोकावत होत्या, एका रांगेत, सहा-सात. काटे सडून गेले, पण येन पाण्यात लवकर सडत नाही.

मारोतराव कड्यापाशी गुडघ्यावर बसला. कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत, मोठ्यानं मोजत सरकला. सातवा हात खुंटीला लागला.

"तुमचा हात लांब हाय," बाई म्हणाल्या.

"मंग तुमी मोजा."

बाई पदर खोचून बसल्या. त्यांचा हात आखूड. तरी साडेसात भरले. नऊ काही केल्या भरेनात. त्यांनी पुन्हा कड्यापासून सुरुवात केली आणि पाचावरच थांबल्या.

मघाशी खुंटीला हात लागला तेव्हाच त्यांना आठवलं होतं. मारोतराव सासुरवाडीला गेला होता ते दिवस. इश्वर सांदवाडीत सब्बल घेऊन खड्डे खोदत होता. काय करून राहिले, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाला, कुंपण दुरुस्त करून राहिलो. त्यांनी त्याला चहा नेऊन दिला होता. आणि एकटा माणूस खुंटी धरील की माती लोटील, म्हणून एकेक खुंटी त्यांनीच सरळ धरून ठेवली होती. त्या साली पोपटाचा वेल असा फोफावला, की शेंगा गावभर वाटल्या. एक घर सोडून. एवढी वर्षं त्यांना ती दुरुस्तीच वाटत आली होती. की तशी मानून घेतली होती, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या उठल्या. हाताचा चिखल लुगड्याला पुसला.

"तुमचं खरं होतं, भाऊजी. खुंट्या म्या धरल्या होत्या."

मारोतराव अजून खालीच बसला होता. तो वर बघेना. खुंटीवरचा चिखल बोटानं पुसत म्हणाला, "मले माहीत होतं."

"मी धरल्या ते?"

"ते नाई. सरकवलं ते."

"माहीत होतं त एवढ्या उन्हाचे कायले आले?"

"तुमी बोलावलं म्हणून आलो," तो म्हणाला. मग हात पुढं केला. "उठवा मले. पाय भरून आले."

खुशबू धावली, पण तोवर बाईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं होतं.

परत येईस्तोवर ऊन डोक्यावर आलं. बाईंनी हातपाय धुवायला पाणी दिलं, भात टाकला, आंब्याचं पन्हं केलं. मारोतराव आल्याची खबर पुनर्वसनात फिरली होती. जेवण होतं न होतं तोच मोहटोलीचाच श्यामराव आला, पार्वताबाई आली, मग आणखी चार-पाच जण. टिनाच्या छपराखाली पंखा गरम वारा टाकत होता आणि म्हातारी माणसं, कोण गेलं, कोणाचा नातू कुठं आहे, हे एकमेकांना सांगत होती. कुंपणाचा विषय श्यामरावानंच काढला. तेव्हा बाई चुलीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं, "आमच्या घरचं चुकलं होतं." मग पार्वताबाईनं विचारलं, की मारोतरावाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की व्हायचं आहे, आणि बोलणं तिकडे गेलं.

चार वाजता गाडी निघाली. मारोतराव पुढच्या सीटवर बसला. काच खाली करून म्हणाला, "इश्वर असता त मानला नसता."

"नसता," बाई म्हणाल्या.

पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं आणि खुंट्या झाकल्या गेल्या. नोव्हेंबरात कमलेशनं दोन तंबू वाढवले. स्वयंपाकाला बाईच होत्या. बोटीत बसायला त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा कमलेशनं ते काम मनिषला दिलं. मनिषनं पहिल्याच आठवड्यात गावात भूत आणलं. पाहुणे खूश होते. बाईंनी ते ऐकलं आणि झिंगे सोलायला घेतले. डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं असं खुशबूनं दिवाळीत फोन करून कळवलं, आणि पोपटाच्या शेंगा निघाल्या की आजोबांनी दोन किलो पाठवायला सांगितल्या आहेत, असंही म्हणाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला परतणाऱ्या एका पाहुण्याच्या गाडीत बाईंनी पिशवी ठेवली. त्यात चार किलो होत्या.