सरांचा एक शब्द

अर्धांगाच्या झटक्याने सरांची सगळी भाषा नेली आणि एकच शब्द मागे ठेवला: "नको."

चहा हवा असला तरी नको, नको असला तरी नको. अंघोळ नको, औषध नको, खिडकी उघडायला नको. "सरकारने लुडबूड करू नये, बाजाराला त्याचं काम करू द्या," हे ज्यांचं वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ होतं, ज्यांच्या सल्ल्याने मंत्री कायदे बदलत, त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची ही गत. त्यांची लेक शाळेत भूगोल शिकवायची. ती थट्टेने म्हणे, "बाबा, तुमचं मत मात्र अजून ठाम आहे हं!" सर अर्ध्या तोंडाने हसत.

दिवसाआड ती त्यांना सरकारी रुग्णालयात न्यायची. तिथे एक बाई चित्रं दाखवून, ओठ हलवून, रुग्णांकडून पुन्हा शब्द काढून घ्यायच्या. फुकट. शेजारच्या खुर्चीत एक गवंडी असे, त्याचीही वाचा गेलेली. दोघा मुक्यांची छान गट्टी जमली. एके दिवशी घाम फुटेपर्यंत झटून गवंडी "वीट" म्हणाला, तेव्हा सरांनी चांगला हात मांडीवर आपटून आपटून दाद दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी टेबलावरचं स्वतःचं गाजलेलं पुस्तक कोपराने खाली ढकललं. लेकीने ते उचलून ठेवलं. त्यांनी पुन्हा ढकललं आणि तिच्याकडे बघत राहिले. हे पुस्तकच त्यांना आता नकोय की काय, असं तिच्या मनात आलं, पण विचारणार काय आणि ते सांगणार काय?

पुढच्या आठवड्यात सरांचा लाडका विद्यार्थी घरी आला. आता तो आरोग्य खात्यातला बडा अधिकारी होता. त्याने वाकून नमस्कार केला, त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. "सर, तुमचं स्वप्न पुरं करतोय. रुग्णालयातले सगळे उपचार विभाग कंपन्यांकडे देतोय. सुरुवात वाचा-उपचारापासून. योजनेला नाव तुमचं!"

"नको," सर म्हणाले. मग मोठ्याने, "नको! नको!"

"बघा ताई, अजून तसेच. नावाचा मोह कधी नव्हताच त्यांना."

"त्यांना नाव नको असं नाही," लेक म्हणाली. "त्यांना योजनाच नकोय."

अधिकाऱ्याने खुर्ची पुढे ओढली. मग वाकून, अगदी मायेने त्याने विचारलं, "सर, ही योजना रद्द करू का?"

सरांच्या कपाळाची शीर तटतटली. ओठ थरथरले, जबडा वाकडा झाला, लाळ शालीवर आली.

"नको," ते म्हणाले. आणि आपलाच शब्द ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ताई, राग मानू नका," अधिकारी हळूच म्हणाला. "तुमची तळमळ कळते मला. पण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणं बरं नव्हे. त्यांना काय वाटतं ते त्यांनी सात पुस्तकांत लिहून ठेवलंय."

तिला स्वतःचीच खात्री वाटेना. बापाचं मन खरंच पालटलं होतं, की ते पालटावं अशी तिचीच इच्छा होती?

योजना झाली. जुन्या खोलीला नवा रंग लागला, दारावर सरांचं नाव आलं. बाईंची बदली कुठल्याशा लांबच्या गावी झाली. नवी फी लेकीला परवडणारी होती, म्हणून ती सरांना नेत राहिली. गवंड्याची खुर्ची रिकामीच राहू लागली. सर त्या खुर्चीकडे बघत बसत. नव्या माणसाने चित्र पुढे धरलं की मान फिरवत. हळूहळू त्यांचं "नको"सुद्धा बंद झालं.

एकदा भाजी घेताना गवंड्याची बायको भेटली. तिने लेकीचा हात धरला.

"ताई, आमचे हे 'वीट'सुद्धा विसरले हो. तुमचे वडील एवढे मोठे, वर त्यांची ओळख. त्यांनी एक शब्द टाकला, तर आमचं काम होईल का?"

लेकीला तिच्या डोळ्यांत बघवेना.

"सांगते त्यांना," ती म्हणाली, आणि भाजीचे सुटे पैसेही न घेता घराकडे वळली.